काहीच न करणारी वाळू

दुकानदार म्हणाला, "साहेब, माशांच्या टाकीत घालायला ही काळी वाळू घ्या. एकदम इनर्ट. काहीच करत नाही."

24 वर्षं सरकारी खात्यात काढल्यामुळे हा गुण मला घरचाच वाटला. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा, बदलत नाही, क्षार वाढवत नाही, झाडांना खायला घालत नाही. शिवाय अ‍ॅक्वासॉइलपेक्षा, म्हणजे टाकीतल्या झाडांसाठीच्या पोषक मातीपेक्षा, कितीतरी स्वस्त. दोन फुटी टाकीत दोन इंचांचा थर द्यायचा तर 13-14 किलो लागते. मी 15 घेतली आणि दोन जिने चढून आणली. तिथपर्यंत वाळूने शब्द पाळला, तिने खरंच काही केलं नाही. सगळं मीच केलं.

तरी खात्री करावी म्हटलं. वाळूत चुनखडी असेल तर आंबट पडताच फसफसते. व्हिनेगर नव्हतं, लिंबू पिळलं. वाळू ढिम्म. चार थेंब मोरीच्या शहाबादी फरशीवर सांडले, तिथे मात्र बारीक बुडबुडे! शहाबादी म्हणजे चुनखडकच, हे मी शाळेत शिकलो होतो. आईला ते डाग घासताना कळलं.

मग धुणं. "तांदूळ धुता तशी धुवा, नितळ पाणी येईपर्यंत," एवढंच दुकानदार बोलला होता. आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास. पहिल्या पाण्याने शाईचं पेन भरता आलं असतं. चौथ्याला गॅरेजमधल्या पोऱ्याच्या हाताचा रंग, सातवं कटिंग चहाच्या जवळपास. अकराव्या बादलीला आई मोरीच्या दारात येऊन म्हणाली, "अरे, इतके धुतले असते तर तांदळाची पेजसुद्धा उरली नसती." पाणी नितळ झालं तेव्हा मोरी तुंबली होती. प्लंबरने जाळी उचलून आत पाहिलं आणि विचारलं, "बांधकाम काढलंय का?" त्याची मजुरी वाळूच्या किमतीपेक्षा जास्त झाली, हे घरात अजून कोणाला माहीत नाही.

वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतलं, थर हलला नाही. अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्न या पाणवनस्पती टाकीतल्या लाकडाला दोऱ्याने बांधल्या. त्या गुणी, वाळूशी त्यांना देणंघेणं नाही, उलट खोड पुरलं तर कुजतात. अडचण अ‍ॅमेझॉन सोर्ड या तिसऱ्या झाडाची. तो मुळांनी जेवणारा आणि ताट रिकामं. म्हणजे आधी पोषण नसलेली वाळू हौसेने आणायची आणि मग तिच्यात चिमट्याने खताच्या गोळ्या पुरायच्या! गोळ्या पुरल्या. कोरी मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडत हिंडतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी एक गोळी उकरून काढली, आणि सोर्ड मुळांसकट वर तरंगत होता. सकाळी उठून दात घासायच्या आधी झाड पुरणं हा आता माझा नेम आहे.

काळ्यावर घाण दिसत नाही, हा समज ज्याने पसरवला त्याने माशाची विष्ठा पाहिलेली नसावी. दाण्याचा एकेक तुकडा, गोगलगायीचा एकेक शंख काळ्या वाळूवर असा उठून दिसतो की बघायला नको.

पण रात्री दिवा लावला की निऑन टेट्रा माशांची निळी रेघ अशी पेटते, की प्लंबरचे पैसेही विसरायला होतात. परवा समोरच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. टाकीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. माझी मान ताठ झाली.

"मासे गोड आहेत हो," त्या आईला म्हणाल्या, "पण खालची वाळू एकदा धुऊन घ्यायला सांगा याला. केवढी काळी झालीय!"