रिंग बदलली का?

परवा संध्याकाळी चेंबूर स्टेशनबाहेर मेथीची जुडी हातात घेऊन माझी घासाघीस चालली होती. बाई विसावरून पंधरावर यायच्या अगदी बेतात होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय साहेब, रिंग बदलली का?"

भाजीवालीने माझ्या बोटांकडे पाहिलं. मी वळून पाहिलं नाही. पण आवाज ओळखला आणि मुकाट्याने वीस रुपये काढून दिले.

त्या पाच रुपयांच्या रागात हे लिहितोय. बाकीच्या साडेएकोणचाळीस हजारांचं पुढे येईलच.

तर गाडी. डिझेल, नऊ वर्षांची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडचा तो दुमजली पूल आहे ना, त्याच्या चढावर गाडीने मान टाकली. बंद पडली नाही. बंद पडली असती तर चार लोकांनी धक्का तरी मारला असता. नुसती उठेना. ॲक्सिलरेटर तळाला, मागे काळा धूर, बॉनेटखालून दमेकऱ्यासारखी फुसफुस आणि काटा तिसावर. एक रिक्षा मला मागे टाकून गेली. तिच्यात वॉशिंग मशीन होतं आणि त्याला कवटाळून बसलेल्या बाईंनी जाताजाता माझ्याकडे असं पाहिलं, की मी काच वर केली. हा रस्ता २००३ साली करायला घेतला तो २०१४ साली खुला झाला. इथे वेळ लागायचाच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. तीन गाड्या आत, सात फुटपाथवर. दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. साठी उलटलेली, चौकडीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कटिंग आणि बसण्यात मालकाचा रुबाब. या गृहस्थांचा गॅरेजशी काडीचा संबंध नाही हे कळायला मला पाऊण तास लागला. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, तुम्ही तरी फसू नका.

"काय होतंय?"

"पिकअप नाही."

"बॉनेट उघडा."

उघडलं.

"स्टार्ट करा. हां. रेस करा."

केली. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि तानपुरा लागलाय का ते ऐकावं तसं ऐकलं. "अजून." मी अजून रेस केली. समोरच्या इस्त्रीवाल्याने धुराला कंटाळून कपडे आत नेले. "बंद करा."

मग चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "शिट्टी येत नाहीये."

टर्बोची गाडी जोर धरताना बारीक शिट्टी देते, हे मला ठाऊक होतं. माणूस जाणकार दिसतोय, असं वाटलं. "हो, नुसती फुसफुस येते," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय. वाफ बाजूने जातेय."

"वाफ?"

त्यांनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उघडली आणि आतून प्रेशर कुकरचं झाकण काढलं. मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण गॅरेजवाल्यांच्या पिशव्यांत काहीही असू शकतं असं मी धरून चाललो.

"चार दिवस आमच्याकडे डाळ शिजत नाही. बायको म्हणाली, कुकर बदला. मी म्हटलं, थांब. शेगडी बरोबर आहे? आहे. पाणी बरोबर? बरोबर. शिट्टी साफ? साफ. मग दाब जातो कुठे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पुढे तेच सांगतील. नाही सांगितलं. "आँ? जातो कुठे?"

"रिंगमधून," मी भीतभीत म्हणालो.

"शाब्बास! बोट फिरवा." त्यांनी रिंग माझ्या हातात दिली. "इथे कडक लागतंय?"

"लागतंय."

"रबर आहे ते. उष्णतेने कडक होतं, मग चिरतं. नुसतं बघून कळणार नाही. दाब आला की चीर तोंड उघडते." एवढं बोलून त्यांनी रिंग काढून घेतली, जणू मी ती पळवणार होतो. "तुमच्याकडे कुकर कुठला? आतल्या झाकणाचा की बाहेरच्या?"

"आतल्या."

"मग तुम्हाला कळेल."

पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी माझी इमारत, मजला, नोकरीची किती वर्षं उरली हे सगळं विचारून घेतलं, आणि मी ते सांगितलं. गाडीचं काहीतरी त्यातूनच निघणार असेल असं वाटत होतं. डॉक्टर नाही का, गुडघा दाखवायला गेलं तर झोप लागते का विचारतात! शेवटी खरा मेकॅनिक जेवून आला आणि म्हणाला, "काका, थोडा साइड में."

"हे कोण?" मी विचारलं.

"ये? बाजू का बर्तनवाला चार बजे खोलता है ना, इसलिए बैठे हैं."

मुंबईत दुपारी दुकान बंद ठेवणारा हा मालक मूळचा कुठल्या शहरातला असेल, ते मी सांगणार नाही.

काका जाताना म्हणाले, "आधी रिंग बघा हं." मी असं हसलो, की त्यातला अपमान त्यांना कळावा. त्यांना कळला नाही.

मेकॅनिकने स्कॅनर लावला. कोड आला पी ०२९९. "टर्बो का कोड है, टर्बो गया." किती सोपं! आता हा कोड काय म्हणतो? टर्बोने जेवढा दाब तयार व्हायला हवा तेवढा इंजिनापर्यंत पोचत नाहीये, एवढंच. दूध तांब्यात कमी आलं, एवढं तो सांगतो. म्हैस आटली की तांब्याला भोक पडलं, ते आपण बघायचं. बघा, मीही आता काकांसारखाच बोलायला लागलो. पण ही अक्कल आजची. त्या दिवशी मी "अच्छा, अच्छा" म्हणालो.

टर्बो ही चीज मात्र मोठी अजब. इंजिनातून बाहेर फुकट जाणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जळतं, म्हणून जास्त जोर. हवा कमी पडली की अर्धवट जळलेल्या डिझेलचा काळा धूर. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. छोट्या गाडीतलं हे चक्र जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतं. दीड-दोन लाख! आणि ते बसवलेली गाडी अमर महालच्या सिग्नलला अकरा मिनिटं उभी. डिझेलचा टर्बो इंजिनाच्या साधारण अठराशे-दोन हजार आरपीएमच्या पुढे रंगात येतो. मुंबईत तेवढा आकडा बघायचा तर रात्री दोनला बाहेर पडावं लागतं. मेट्रोचे पत्रे, त्या पत्र्यांना वळसा, वळशात खड्डा, खड्ड्यात पेव्हर ब्लॉक, आणि वर रोड टॅक्स एकरकमी आधीच भरलेला. आपण पहिला-दुसरा, पहिला-दुसरा गिअर करत काजळी साठवायची आणि मग मेकॅनिकने आपल्यालाच सांगायचं, "साब, गाडी भगाते नहीं हो क्या?" कुठे भगाऊ?

रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरून नाहीसा झाला. त्याच्या डोक्यावर बरंच कर्ज होतं. मला आता त्या माणसाबद्दल वेगळीच माया वाटते.

टर्बो खोलला. मेकॅनिकने तो गोगलगाईसारखा तुकडा माझ्या नाकासमोर धरून दांडा बोटाने हलवला. "देखो, प्ले है." हलत होता खरा. हलणाऱ्या वस्तूपुढे माणूस काय बोलणार? नंतर कळलं की बंद टर्बोचा दांडा आडवा थोडा हलतोच. चालू असताना तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, त्यासाठी तेवढी फट ठेवलेलीच असते. पुढेमागे हलला किंवा पाती भिंतीला घासली, तर वाईट. आमची पाती नव्या ताटासारखी होती. तेही मला नंतरच आठवलं.

टर्बो ३४,०००, मजुरी ४,०००, ऑइल आणि फिल्टर १,५००. जुना टर्बो "इधर ही छोड़ दो" म्हणाला, म्हणून सोडला. तो आज कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर धुऊनपुसून कुणाच्या तरी गाडीत बसला असेल आणि उत्तम चालत असेल, या विचाराने मला रात्री जाग येते.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. तोच पूल, तोच चढ, तोच तीसचा काटा. या वेळी मागे टाकून गेला तो पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो.

"सेट होने दो साब, दो सौ किलोमीटर."

टर्बो काय नवीन चप्पल आहे, चावून चावून पायाला बसायला? मी बराच आरडाओरडा केला. म्हणजे मनात. तोंडाने "जरा एकदा बघता का" एवढंच म्हणालो. मेकॅनिक फोनवर होता, म्हणून त्याने हाताखालच्या पोराला पाठवलं. पोराने एकाला रेस करायला लावलं आणि स्वतः इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करून इंजिनाला देणाऱ्या जाळीच्या, पाइपांवरून नुसता हात फिरवला. पुढे-मागे. खालच्या पाइपाशी थांबला. "उस्ताद, इधर से हवा मार रहा है."

जाड काळा रबरी पाइप, त्याच्या क्लिपला लागून चीर. गाडी बंद असताना दिसणारही नाही अशी. दाब आला की तोंड उघडायची. पाइप १,३५०. बसवायला वीस मिनिटं, त्यातली दहा पाना शोधण्यात.

गाडी आता चढावर अशी पळते की काय सांगू. शिट्टीसुद्धा देते. टर्बोचे पैसे परत मागितले तर उस्ताद म्हणाला, "वो भी तो पुराना ही था ना. अब देखो, नया है, गाडी की आरसी खतम होगी, टर्बो नहीं." याला मी उत्तर तयार केलंय. ते मला घरी आंघोळ करताना सुचलं.

तर मेथी. शेवटी मी वळलोच. काकांच्या हातात तीच पिशवी.

"बदलली," मी म्हणालो. "पाइप होता. रबराचाच."

मला वाटलं, आता हा माणूस विजयाने फुलेल. भाजीवालीला सांगेल, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेल. मी मनाची तयारी केली होती. पण त्यांचं लक्षच नव्हतं.

"माझी चुकीची आली हो," ते खिन्नपणे म्हणाले. "पाच लिटरची दिली त्याने. आमचा साडेतीनचा. उघडलेलं पाकीट परत घेत नाही म्हणतो." त्यांनी पिशवीतून रिंग काढली. "तुमचा किती लिटरचा?"

आमचा तीन लिटरचा आहे. मला ते नीट माहीत होतं.

"पाचचा," मी म्हणालो, आणि नव्वद रुपये दिले.