सकाळी साडेसहाची बॅच मी बंद केली, त्याबद्दल

यंदा जूनपासून माझी दहावीची गणिताची बॅच सकाळी साडेसहाऐवजी संध्याकाळी पाचला भरते. तीन पालकांनी मुलं काढून घेतली. "बाई, पहाटे डोकं ताजं असतं. तुम्हीच मुलांना आळशी करताय." हे मनाला लागलं, म्हणून लिहिते.

मी स्वतः पहाटेची आहे. साडेचारला आपोआप जाग येते आणि पाच ते सातमध्ये अवघड प्रमेयं झरझर सुटतात. रात्री नऊनंतर मात्र साधी बेरीजही दोनदा करावी लागते. इतकी वर्षं मी याला माझी शिस्त समजत होते. माझा मुलगा दहावीत होता तेव्हा त्याचं डोकं रात्री दहानंतर चालायचं आणि सकाळी त्याला गदागदा हलवून उठवावं लागायचं. खूप बोलले मी त्याला. आज त्याचं फार वाईट वाटतं.

कारण हा स्वभावाचा दोष नाहीच. मेंदूत एक घड्याळ असतं, ते उजेड-अंधार बघून आपली वेळ जुळवतं. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं झोपेचं संप्रेरक वाढतं आणि झोप येते. वयात येताना हे मेलाटोनिन उशिरा वाढू लागतं, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला 'नऊला झोप' म्हटलं तरी झोप येत नाही. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. आपण मात्र 'लवकर निजे, लवकर उठे' यातलं फक्त 'उठे' मुलांवर लादतो.

त्यात आपण राहतो कोकणात. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि आपलं हर्णै ७३ अंशांच्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरा. आपला सूर्य घड्याळाच्या सदतीस-अडतीस मिनिटं मागे आहे! मुंबई तर १९५५ पर्यंत स्वतःची ३९ मिनिटं मागची वेळ पाळत होती. म्हणजे साडेसहाची बॅच सूर्याच्या हिशोबाने सहाच्याही आधी भरत होती. जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो. पोरं काळोखात बॅटरी घेऊन यायची, पहिल्या बाकावर पेंगायची, आणि मी त्यांच्यावर ओरडायचे.

बंदरावर बघा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, होड्या त्या हिशोबाने सुटतात. रात्रभर समुद्रावर राहिलेला नाखवा दुपारी झोपला तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

२०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. मोठ्या मुलांना तर त्याची जास्त गरज आहे. आणि बोर्डाचा पेपर अकराला असतो, पहाटे नाही.

तुमची वेळ ओळखायची असेल तर सुट्टीत दहा-बारा दिवस गजर लावू नका. पहिले काही दिवस थकव्याचे, ते सोडा. नंतर झोप कधी लागते, जाग कधी येते, ते लिहून ठेवा. सर्वांत कठीण काम आपल्या चांगल्या तासांत घ्या. मी वह्या तपासणं दुपारच्या जेवणानंतर घेते, कारण तेव्हा डोकं तसंही जड असतं. झोप थोडी अलीकडे आणायची असेल तर उठल्याबरोबर अंगणात उजेडात या, आणि संध्याकाळनंतर चहा नको.

बॅचमधल्या दोन मुली खरंच पहाटेच्या आहेत. त्या साडेसहाला येऊन पडवीत गणितं सोडवतात. बाकीच्यांची उत्तरं रात्री साडेदहाला व्हॉट्सअपवर येतात, ती मी पहाटे पाचला तपासते.