आधी खड्ड्यात उतरू द्या

कृषी पदवीला मृदाशास्त्राची प्रात्यक्षिकं वाढवा, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण ती प्रयोगशाळेत नकोत, शेतात हवीत. आम्ही मातीचा सामू (आम्ल-विम्लता, म्हणजे pH), क्षारता, सेंद्रिय कर्ब काढायला शिकलो ते चाळून बाटलीत भरलेल्या मातीवर. ती कुठल्या रानातली, कुणी सांगितलंही नाही. पुढे नोकरीत काळ्या रानात मातीचे थर पाहायला खणलेल्या दीड मीटर खोल खड्ड्यात पहिल्यांदा उतरलो. भेगांतून खोल गेलेली वरची माती दिसली, ढेकळं एकमेकांवर घासून झालेले चकचकीत पृष्ठभाग दिसले. काळ्या मातीतलं स्मेक्टाइट हे चिकण खनिज पाण्याने फुगतं आणि वाळल्यावर आकसतं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं! परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या मुलांना कोकणातली जांभ्याची आम्लधर्मी माती आणि कोकणातल्या दापोली कृषी विद्यापीठातल्यांना मराठवाड्यातली काळी माती एकदा तरी हाताने मळू द्या. मृदा आरोग्य पत्रिकेतले, म्हणजे शेताच्या माती तपासणीच्या सरकारी अहवालातले, 12 घटक उद्या शेतकऱ्याला हीच मुलं समजावणार आहेत.