शिक्का कुठं आहे?
रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानापुढं रांग ठरलेलीच. घरी तांबडा-पांढरा करायचा असतो, मीही डबा घेऊन उभा. आणि दर रविवारी तेच! उघड्यावर टांगलेलं बकरं, खालून वाहणारं गटार, आणि ज्या फडक्यानं सुरी पुसली त्यानंच ओंडका पुसायचा. त्या ओंडक्याच्या चिरांत कालचा चुरा काळा पडलेला. माशांचं तर विचारूच नका.

कायदा नाही असं नाही. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा. परवान्याचा 14 अंकी नंबर दुकानात दिसेल असा लावायचा असतो. कत्तलखान्यात कापण्याआधी पशुवैद्यकानं जनावर तपासायचं, एका डॉक्टरनं तासाला 12 पेक्षा जास्त नाही, हे कत्तलखान्यांसाठीच्या वेगळ्या, 2001 च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. मग मला आजवर मांसावर तपासणीचा शिक्का एकदाही का दिसला नाही? विचारलं तर, "खात्रीचं बकरं हाय, घ्या की!" अहो, तुमची खात्री मान्य, पण डॉक्टरनं बघितलंय का? तेवढ्यात मागून, "आवरा की ओ!"

एकट्या दुकानदाराला तरी किती बोलायचं? जवळ धड कत्तलखाना नाही, पाणी पुरत नाही, तपासायला वर्षात कुणी फिरकत नाही. आणि तेच मटण माझ्या चार वर्षांच्या नातीच्या ताटात जातं.