फाइल आम्ही कापलीच नाही, म्हणून वेळ लागला

नमस्कार साहेब,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार आधी सांगतो. जुन्या सर्व्हरच्या मोठ्या मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) बॅकअपमधून फक्त तुमच्या दुकानाचा डेटाबेस वेगळा करून हवा होता, तुमच्या शब्दांत ‘नुसतं कापून द्यायचं काम’. त्याला आम्ही आठवडा लावला, मध्येच आमचं दुकान बंद ठेवलं, जुने यूजर-पासवर्ड दिले नाहीत, फाइलमधले बाकीचे डेटाबेस उघडून दिले नाहीत. आणि नंतर तुमच्या भाच्यानं तेच काम घरी एका ओळीच्या कमांडनं अर्ध्या तासात केलं, म्हणून आम्ही लुटारू.

दुकान बंद होतं, कारण रंगपंचमी होती. इंदूरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याच्या आसपास शटर उघडून बसलेला माणूस दाखवा, त्याचा सत्कार मी करीन. मशीन मात्र मागच्या खोलीत चालूच होतं.

आता भाच्याची कमांड. ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, पोरगा हुशार दिसतो. सगळ्या डेटाबेसचा एकत्र डंप, म्हणजे मजकुराच्या फाइलीतला बॅकअप, घेतला की प्रत्येक डेटाबेसच्या सुरुवातीला ‘करंट डेटाबेस’ आणि पुढे त्याचं नाव, अशी एक ओळ येते. सेड किंवा ऑक या मजकूर छाटणाऱ्या कमांडना सांगायचं, या ओळीपासून पुढच्या तशाच ओळीपर्यंत उचल. एवढंच. डेटामध्ये कुणी तेच शब्द लिहिले असले तरी फसत नाही, कारण डेटातली नवी ओळ डंपमध्ये खरी नवी ओळ म्हणून उतरत नाही. इथपर्यंत भाचा बरोबर.

पण फाइलच्या अगदी वर, पहिल्या डेटाबेसच्याही आधी, दहा-पंधरा ओळी असतात. वाचणाऱ्याला त्या कॉमेंट वाटतात, कारण त्या तशाच खुणांमध्ये असतात. सर्व्हर मात्र त्या पाळतो. अक्षरं कोणत्या कॅरेक्टर सेटमध्ये आहेत, फॉरेन कीची (एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याची) तपासणी तूर्त बंद ठेव, वेळ शून्य टाइम झोनमधली समज, हे सगळं तिथे सांगितलेलं असतं. मधला तुकडा कापला की हे डोकं मागेच राहतं.

फॉरेन कीची चूक निदान लगेच तरी कळते. डंपमध्ये टेबलं नावाच्या क्रमानं येतात, त्यामुळे बिलांचं टेबल ग्राहकांच्या टेबलाआधी येतं आणि सर्व्हर म्हणतो की ज्याच्याकडे बोट दाखवताय ते टेबलच नाही. भाच्यानं तिथे तपासणी हातानं बंद करून गाडी पुढे काढली असणार. विचारून पाहा त्याला.

वेळेचं तसं नाही. तिथे एररच येत नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. टाइमस्टॅम्प प्रकारच्या कॉलममधल्या वेळा डंप घेताना भारतीय वेळेतून यूटीसीत, म्हणजे त्या शून्य टाइम झोनमध्ये, बदलून लिहिल्या जातात, म्हणजे साडेपाच तास मागे. वरची ती ओळ असेल तर परत चढवताना त्या पुन्हा साडेपाच तास पुढे येतात. ओळ नसेल आणि तुमच्या कॉम्प्युटरवर भारतीय वेळ असेल, तर सर्व्हर त्याच मागच्या वेळा खऱ्या धरतो. सकाळी दहाचं बिल पहाटे साडेचारचं दिसतं. दिवसाच्या दुकानात हे कुणाच्या तरी डोळ्यांत येईल. पण तुमची विक्री सराफ्यातल्या खाऊबाजारातली, रात्रीची. रात्री बारा चाळीसला फाडलेलं बिल आदल्या संध्याकाळच्या सात वाजून दहा मिनिटांवर जाऊन बसतं, आणि संध्याकाळी सातचं बिल कुणालाही साधंच वाटतं. कुणाला शंका येणार? मध्यरात्रीनंतरची सगळी विक्री आदल्या तारखेत. 31 मार्चच्या रात्री बारानंतरची, म्हणजे 1 एप्रिलची बिलं गेल्या आर्थिक वर्षात. तुमच्या सीएला हे सप्टेंबरात सापडलं की तो आधी तुम्हाला विचारेल, भाच्याला नाही.

दुसरी गोष्ट रिपोर्टची. तुमचे रोजच्या विक्रीचे रिपोर्ट व्ह्यूवर, म्हणजे डेटाबेसात साठवलेल्या तयार क्वेरीवर, चालतात. सगळ्या डेटाबेसच्या एकत्र डंपमध्ये व्ह्यू दोनदा येतात. आधी डेटाबेसच्या जागी एक तात्पुरता सांगाडा येतो, ज्यात प्रत्येक रकान्यात नुसता 1 असतो. खरी व्याख्या येते फाइलच्या शेवटी, सगळ्या डेटाबेसची टेबलं संपल्यावर, ‘करंट डेटाबेस’च्या दुसऱ्या ओळीखाली. कमांड पहिल्या तुकड्यावर थांबली तर रिपोर्ट उघडतो, चालतो, आणि एका ओळीत 1, 1, 1 दाखवतो.

तिसरी गोष्ट स्टोअर्ड प्रोसीजरची, म्हणजे डेटाबेसात ठेवलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, आणि ती कोणत्याही कात्रीला जमणारी नाही. तुमचा जुना सर्व्हर मायएसक्यूएल 5.7 चा. त्या आवृत्तीत प्रोसीजर तुमच्या डेटाबेसमध्ये राहत नसत, ‘मायएसक्यूएल’ नावाच्या सिस्टिम डेटाबेसमधल्या ‘प्रॉक’ टेबलात राहत. तुमच्या जुन्या डेव्हलपरनं डंप घेताना रूटीन्सचा, म्हणजे प्रोसीजरही सोबत घे असं सांगणारा, पर्याय दिलेला नव्हता. म्हणजे स्टॉक वजा करणारी तुमची प्रोसीजर तुमच्या तुकड्यात नव्हतीच. तुमचा तुकडा कितीही नीट कापा, ती येणार नाही.

म्हणून आम्ही कापाकापी केली नाही. 5.7 चाच एक तात्पुरता सर्व्हर उभा केला, 40 जीबीच्या वरची ती पूर्ण फाइल त्यावर चढवली, आणि मग त्यातून तुमच्या एकट्याचा डंप रूटीन्स आणि आपोआप चालणारे इव्हेंट्स, ट्रिगर्स यांच्यासकट नव्यानं घेतला. फाइल वाचायला वेळ लागत नाही. लागतो तो सगळ्या टेबलांचे इंडेक्स, म्हणजे शोधायच्या सूच्या, पुन्हा बांधायला. घराची एक खोली हवी म्हणून भिंत करवतीनं कापून न्यायची नसते. नंतर तोच डंप तुमच्या नव्या 8.4 वर चढवून तपासला. व्ह्यूंवर जुन्या डेव्हलपरचा यूजर ‘डिफायनर’, म्हणजे व्ह्यू बनवणारा, म्हणून चिकटलेला होता, आणि तो यूजर नव्या सर्व्हरवर नसला की व्ह्यू उघडायलाच नकार देतो. तेही बदललं. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, पावती पाहा.

यूजर-पासवर्ड दिले नाहीत हे खरं आहे आणि पुन्हा आलात तरी देणार नाही. 5.7 चा सिस्टिम डेटाबेस 8.4 वर चढवायचा नसतो, आतली रचनाच बदलली आहे. शिवाय तुमचे जुने यूजर ज्या ‘नेटिव्ह पासवर्ड’ पद्धतीचे होते, ती 8.4 मध्ये मुळातच बंद करून येते. तुम्हाला नवा यूजर करून दिला, त्याला फक्त तुमच्या डेटाबेसचे अधिकार आहेत.

आणि बाकीचे डेटाबेस. त्या फाइलमध्ये दुसऱ्या व्यापाऱ्यांची गिऱ्हाइकं, फोन नंबर, उधारी आहे. तुमच्या डेव्हलपरनं सगळ्यांना एकाच सर्व्हरवर ठेवलं आणि तुम्हाला घाईत सगळ्यांचं मिळून एक बाड दिलं. ते दुसऱ्याचं आहे. उद्या तुमची उधारीची यादी शेजारच्या दुकानात कुणी उघडून दिली, तर तुम्ही त्याला किती तारे द्याल? काम झाल्यावर तात्पुरता सर्व्हर आम्ही पुसला. ड्राइव्ह तुमची तुम्हाला परत दिली आहे. त्यातली मूळ फाइलही तुम्ही ठेवू नये, हे काउंटरवर बोललो होतो, इथेही बोलतो.

पुढच्या वेळी डेव्हलपर कोणीही असो, त्याला सांगा की बॅकअप डेटाबेसगणिक वेगळा घे, आणि शेवटची ओळ ‘डंप कम्प्लीटेड’ आहे का ते पाहून मगच फाइल दे.

सध्या बिलिंग आम्ही दिलेल्या डेटाबेसवर चालू आहे की भाच्याच्या, हे रिव्ह्यूवरून कळत नाही. भाच्याचा असेल तर सराफ्यातली एखादी मध्यरात्रीनंतरची छापील पावती काढा आणि त्याच नंबरचं बिल स्क्रीनवर उघडून तारीख-वेळ ताडून पाहा. जुळलं तर उत्तमच. नाही जुळलं तर नवी बिलं आणखी साठण्याआधी या, कारण जुनी साडेपाच तास मागे आणि नवी बरोबर अशी सरमिसळ झाली की ती निस्तरणं पहिल्या कामाहून अवघड आहे. भाच्यालाही घेऊन या, त्याला सगळं करून दाखवीन. पहिल्या पावतीत तेवढं बसतं.