अर्धा हिस्सा सगळीकडे नसतो

लेखात ‘अमेरिकेत घटस्फोट झाला की निम्मी मालमत्ता जोडीदाराची’ असं सरसकट लिहिलंय, ते दुरुस्त व्हायला हवं. लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक मानणारी राज्यं मुळात 9 आहेत. त्यातही कॅलिफोर्निया समान वाटणी करतं, टेक्सासमध्ये न्यायाधीश ‘न्याय्य’ वाटेल तशी करतात. न्यू जर्सीत सामाईक मालकीची पद्धतच नाही, तिथे परिस्थिती बघून वाटप होतं.

आपल्या लोकांना खरा फटका बसतो तो भाड्यात. पुण्यातला फ्लॅट वडिलांकडून वारशाने आला, तर तो कॅलिफोर्निया आणि टेक्सास, दोन्ही राज्यांत तुमचा स्वतंत्र, म्हणजे एकट्याच्या मालकीचा. पण त्याचं भाडं कॅलिफोर्नियात तुमचं एकट्याचं, टेक्सासमध्ये मात्र दोघांचं! कॅलिफोर्नियात ते पगाराच्याच खात्यात जमा केलंत तर पुढे कुठला पैसा कुठला हे सिद्ध करणं महाकठीण, आणि ती जबाबदारी तुमच्यावर. म्हणून भाड्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. टेक्सासमध्ये भाडं स्वतंत्र राहावं असं वाटत असेल तर दोघांच्या सह्यांचा लेखी करार लागतो, तोंडी बोलणं चालत नाही.

चोरीचंही तसंच, राज्य बदललं की कायदा बदलतो. 250 डॉलरचा माल दुकानातून उचलला तर टेक्सासमध्ये जास्तीत जास्त 180 दिवस कैद. न्यू जर्सीत 200 ते 500 डॉलरच्या मालाला 18 महिन्यांपर्यंत. तिथल्या कायद्यात ‘फेलनी’ (गंभीर गुन्हा) हा शब्दच नाही, पण इमिग्रेशनवाले नाव बघत नाहीत, वर्षभराची शिक्षा होऊ शकते का ते बघतात. व्हिसावर असाल तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच.