फुकट कुर्ता, शिपिंग वेगळं

कपडे विकत घ्यायचे दिवस गेले. तुम्ही अजूनही दसऱ्याच्या आधी परभणीच्या बाजारात, दुकानातल्या गादीवर पिशवी मांडीवर घेऊन "काही कमी-जास्त करा ना" म्हणत बसत असाल, तर धन्य आहे तुमची. आता माणसानं प्रॉडक्ट टेस्टर व्हायचं. कंपनी कपडे पाठवते, आपण घालायचे, बरे आहेत म्हणायचं आणि ठेवून घ्यायचे. शिक्षणाची अट नाही, वयाची नाही, लाजेची तर नाहीच नाही.

लायकीची काळजी करू नका, ती आपल्याकडं जन्मजात असते. आमची सेलूची मामी साडीच्या दुकानाची पायरी चढली की आतला पोऱ्या आधीच उसासा टाकतो. चाळीस साड्या उलगडून होतात. मग ती रुमालाचं टोक ओलं करून काठावर घासते आणि रंग लागला का ते उजेडात जाऊन बघते. पदर उलटा करते, कारण हातमागावरच्या पैठणीची मागची बाजू पुढच्याइतकीच साफ असते, आणि धागे लोंबत असले तर माल यंत्रावरचा. शेवटी एक सुटा धागा ओढून मालकाच्याच काडीपेटीनं जाळते. केस जळल्याचा वास आला तर रेशीम, कागद जळल्याचा आला तर सूत, आणि टोकाला कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. "गोळी झाली की वो," एवढं बोलून, आलेला चहा पिऊन मामी उठते. मोठ्या कंपन्या ह्याच कामाला प्रयोगशाळा ठेवतात, कपडा यंत्रात धुतात आणि उतरलेल्या रंगाला १ ते ५ असे गुण देतात. मामी गुणबिण देत नाही. तिचं उठणं हाच निकाल.

आता तुमच्या भावकीतला एखादा पुण्याला राहून आलेला शहाणा सांगेल की खरं टेस्टिंग वेगळं असतं. कंपनी ठरावीक मापाची माणसं निवडते, कपडा किंवा बूट इतके दिवस वापरा, इतक्या वेळा धुवा, कुठं काचतं, कुठं उसवतं ते लिहून द्या म्हणते, आणि बऱ्याचदा वापरलेला माल परत मागून घेते. त्याचं ऐकू नका. हे तर काम झालं. काम करून कपडे मिळवायचे असते तर आपण दुकानातच गेलो नसतो का?

आपली वाट सोपी आहे. मोबाइलवर जाहिरात येईल, "अभिनंदन, तुमची निवड झाली आहे". तुम्ही अर्ज केला नव्हता, तरी निवड झाली. तलाठ्याच्या भरतीत चार वर्षं अभ्यास करून जे जमलं नाही ते इथं झोपल्या जागी जमलं, यातच समाधान माना. छाती, कंबर, उंची भरा. मग मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख भरा. कुर्त्याला जन्मतारीख कशाला, असलं विचारू नये.

माझीही अशीच निवड झाली. कुर्ता पूर्ण फुकट. नोंदणीचे २९९ फक्त, कारण "खोटे टेस्टर टाळण्यासाठी". शिपिंगचे ९९ फक्त. मी खरा टेस्टर असल्यानं दोन्ही भरले. सोळा दिवसांनी पुडकं आलं. कुर्ता जांभळा, माप एक्सएल. मी भरलं होतं मध्यम. खांदे कोपरापर्यंत येत होते. बायको म्हणाली, "अहो, यात तुम्ही आणि बंटी दोघं बसाल." पण टेस्टरनं टेस्ट केलीच पाहिजे, म्हणून मी तो बादलीत भिजत घातला. बोअरचं पाणी, त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून मूठभर पावडर जास्त. तासाभरानं पाहतो तर बादलीत जणू जांभळाचा रस काढलेला, आणि त्या रसात अण्णांचं एकादशीचं धोतर. ते बादलीत कोणी टाकलं यावर घरात अजून एकमत नाही.

अण्णांनी धोतर पिळलं, वाळवलं, नेसलं आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसले. कोणीतरी विचारलं, "अण्णा, हा कोणत्या पक्षाचा रंग म्हणायचा?" अण्णा म्हणाले, "पोराच्या."

त्याच अण्णांनी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हिशोब मांडला. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. दोनशे ग्रॅमचा सुती टी-शर्ट धरला तर त्यात पन्नास-पंचावन्न रुपयांचा कापूस बसतो. तेही हमीभाव मिळाला तर. म्हणजे पेरणी, खुरपणी, फवारणी, बोंडअळी आणि वेचणी मिळून पन्नास रुपये, आणि पुडकं दारापर्यंत आणायचे ९९. "कापूस कशाला लावतोस," अण्णा म्हणाले, "शिपिंग लाव." हा विनोद आहे असं मला वाटलं होतं, पण ते झोपले.

तसं फुकटच्या कपड्यात आपला मराठवाडा काही मागासलेला नाही. आहेर हा शोध आपल्या रक्तात आहे. लग्नात शर्टपीस-पँटपीस मिळतो, टॉवेल-टोपी मिळते, आणि तो शर्टपीस शिवायला नेला की टेलर कापडाच्या दुप्पट शिलाई सांगतो. शिपिंग चार्ज म्हणतात तो हाच, फक्त टेलर आपल्या ओळखीचा असतो. म्हणून जाणती माणसं शर्टपीस शिवतच नाहीत. घडी न मोडता पुढच्या लग्नात देतात. आमच्या कपाटात एक आकाशी पीस आहे, त्यावर तीन वेगवेगळ्या लग्नांचं हळदकुंकू आहे.

आणि जावई? तो तर आद्य टेस्टर. धोंड्याच्या महिन्यात त्याला पूर्ण पोशाख, वर धोंड्याचं जेवण आणि तेहतीस अनारसे. तो जागेवरच पाच तारे देतो, कपडा अंगात शिरत नसला तरी देतो. अडचण एवढीच की अधिक महिना पावणेतीन वर्षांनी येतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, नंतरचा थेट २०२६ ला अधिक ज्येष्ठ. तेवढ्या काळात जावयाचा जुना पोशाख विटतो. ती मधली पोकळी भरायला प्रॉडक्ट टेस्टिंग उत्तम.

अभिप्राय लिहिताना पुडकं फोडायची घाई करू नका. आधी पाच तारे, मग कात्री. २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलं, त्यात पैसे देऊन लिहून घेतलेला अभिप्राय चालत नाही. माल फुकट मिळालाय हे वाचणाऱ्याला सांगावं, असंही सरकारचं म्हणणं आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण तुम्ही लिहिणार काय, तर "मस्त कापड, लई भारी फिटिंग". यात दिशाभूल कुठंय? तुमची स्वतःचीच झालेली आहे, ती तुम्ही पुढं वाटताय.

धंदा फारच चालला तर आयकराचा मान मिळेल. १ जुलै २०२२ पासून नियम असा की धंद्यापोटी वर्षात वीस हजारांच्या वर फुकट वस्तू मिळाल्या तर देणाऱ्यानं दहा टक्के कर कापायचा. वस्तू परत केली तर कर नाही. अख्ख्या खानदानात कुर्त्यावर आयकर भरलेला पहिला माणूस म्हणून तुमचा सत्कार होऊ शकतो. सत्काराला शाल मिळेल. तीही धरा हिशोबात.

यानंतर टेलिग्रामवर बढती होते. तिथं कपडे नसतात, "टास्क" असतात. दहा कपड्यांना तारे द्या, दीडशे रुपये खात्यात. हे दीडशे खरेच येतात, त्यामुळं मेव्हण्यालाही सांगावंसं वाटतं. मग पडद्यावर अठरा हजार दिसायला लागतात आणि ते काढायला आधी पाच हजार भरायचे असतात. भरा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही हे आपल्याला माहीत असतं, पण पिन टाकायच्या वेळी आठवत नाही. आणि गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करू नका. लवकर कळवलं तर पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता असते, आणि मग गावात सांगायला गोष्ट उरत नाही. चार दिवस थांबा, लोकांत हसं होईल म्हणून गप्प बसा, मग वकिलाच्या मुनीमाला विचारा.

माझा कुर्ता अजून आहे. एकदाच धुतलाय, रंग निम्मा शिल्लक आहे. कोणाला टेस्ट करायचा असेल तर माप कळवा. माप कोणतंही चालेल. कुर्ता पूर्ण फुकट, शिपिंगचे ९९ फक्त. तेवढं भिजत घालण्याआधी बादलीत वडिलांचं काही नाही ना ते बघा.